ताटवाले डॉक्टर

आमच्या डॉक्टर सबनिसांना कुणी हातात सुरी द्यायला गेलं, की पुढ्यात विस्तव आल्यासारखा ते हात मागे घ्यायचे आणि ओरडायचे, "हातात नाही! ताटात, ताटात!"

आता घरात आपणही पाळतोच की. मीठ हातावर देत नाही, मिरची हातावर घेत नाही. भांडण होतं म्हणतात. माझी आई विळीसुद्धा आधी जमिनीवर ठेवायची, मग दुसरीनं ती उचलायची. पण ती माझी आई, तिला अक्षराची ओळख नव्हती. सबनीस म्हणजे मुंबईला शिकून डॉक्टर झालेले, मोठ्या लढाईत पार इराकात बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले, रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारे. आणि या माणसानं ऑपरेशनच्या खोलीत, टेबलाशेजारच्या तिवईवर, चक्क जेवायचं पितळी ताट ठेवलं होतं! सुरी, कात्री, सुई, जे काही टोचेल-कापेल ते देणाऱ्यानं त्या ताटात ठेवायचं आणि घेणाऱ्यानं ताटातून उचलायचं. ताटात एका वेळी एकच हात. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "हातात सुरी दिली की भांडण होतं, यमुनाबाई."

यमुनाबाई म्हणजे मी. कर्जतला रुळांच्या पलीकडे एका शेटजींनी धर्मादाय दवाखाना बांधला होता, तिथे मी नर्स होते. आमचे हे रेल्वेत, म्हणून मी कर्जतला आले, आणि पुण्याला नर्सिंग शिकलेली होते, म्हणून दवाखान्यात लागले. शिक्षणाची मोठी घमेंड होती मला. पहिल्याच ऑपरेशनला डॉक्टरांनी सुरी मागितली, तशी मी शिकवल्याप्रमाणे ऐटीत त्यांच्या तळहाताकडे नेली. त्यांनी हात मागे घेतला. सुरी खाली पडली, ती माझ्या पायाच्या बोटांशेजारी.

डॉक्टरांनी सुरीकडे बघितलं नाही. माझ्या पायाकडे बघितलं. "वहाणा कुठायत?"

"बाहेर काढल्यात. आत कशा घालणार?" मी म्हटलं. देवघरात आणि स्वयंपाकघरात आपण जसे अनवाणी जातो, तसे त्या खोलीत सगळे अनवाणीच जायचे. स्वच्छतेची खोली ना!

"देवाच्या पायावर सुरी पडत नाही," डॉक्टर म्हणाले. "आपल्या पडते."

दुसऱ्या दिवशी चांभार दवाखान्यात हजर. डॉक्टरांनी सगळ्यांच्या पायांची मापं घेतली आणि पुढून बंद, बोटं झाकणारे जाड चामड्याचे जोडे शिवून घेतले. ते फक्त त्या खोलीत घालायचे, बाहेर आणायचे नाहीत. काय ते ध्यान! नऊवारी नेसलेली मी आणि पायात ही गलबतं! आमचे हे आठवडाभर हसत होते.

डॉक्टरांची ही सगळी काळजी रोग्याची नव्हे हं, आमची. रोग्याची तर सगळेच डॉक्टर घेतात. "रोगी एकदाच टेबलावर येतो," ते म्हणायचे, "तुम्ही रोज येता. तुम्ही धडधाकट, तर तो धडधाकट." त्या काळी सुई टोचणं ही साधी गोष्ट नव्हती. पू झालेल्या रोग्यावर काम करताना बोटाला एवढंसं टोचलं, की बोट सुजायचं, मग हात, मग काखेत गाठ, मग ताप, आणि पुष्कळदा माणूस हातचा जायचा. त्यावर औषध असं नव्हतंच. हे मला पुण्यात शिकवलं होतं. पण शिकवणं वेगळं आणि रोज उठून त्यापायी माणसांचं डोकं खाणं वेगळं.

माझ्या बांगड्यांवरून तर आमचं युद्धच पेटायचं होतं. काचेची बांगडी फुटली तर हात कापेल, काढून ठेवा, असं ते म्हणणार हे मला ठाऊक होतं आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं. नवरा जिता-जागता असताना बांगड्या काढू? जीव गेला तरी नाही! डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता शिंप्याला बोलावलं. मनगटापासून कोपरापर्यंत घट्ट बांधायच्या जाड कापडाच्या बाह्या शिवल्या. त्याच्याखाली बांगड्या गप्प. "कुंकवालाही धक्का नको आणि हातालाही नको," म्हणाले. मी तयार ठेवलेलं भांडण तसंच राहिलं.

उपासाचंही तेच. उपाशी माणसाला त्या खोलीत मज्जाव. "उपाशी माणूस घेरी येऊन पडतो आणि पडताना हातातली सुरी घेऊन पडतो." एकादशी असो की संकष्टी, दाराशी डॉक्टर उभे: काय खाल्लं? साबुदाण्याची खिचडी? किती? पोटभर? मगच आत. धर्मा नावाचा आमचा माणूस होता, पन्नाशीचा, भरघोस मिशांचा. पाणी उकळणं, हत्यारं धुणं, सगळा भार त्याच्यावर. तो सोमवार धरायचा. डॉक्टर त्याला सोमवारी उकडलेली रताळी स्वतः आणून द्यायचे आणि तो खाऊन होईपर्यंत समोर उभे राहायचे. धर्मा मला म्हणायचा, "बाय, म्हादेव बी येवडं बगत नाय गं."

रबरी हातमोजे मोठे महागाचे. ते धुऊन, ठिगळं लावून पुन्हा वापरायचे. डॉक्टर प्रत्येक मोजा तोंडानं फुगवायचे आणि गालाशी धरून डोळे मिटायचे. कुठून वारा सुटतोय का ते कळावं म्हणून. नव्या रोग्यांना वाटायचं, डॉक्टर खेळतायत. वऱ्हांड्यातल्या दोरीवर ते मोजे वाळत पडलेले असले की गाईच्या आचळांसारखे दिसत.

दवाखाना रुळांना खेटून, ही आणखी एक पीडा. घाटात विजेच्या तारा यायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा घाट चढायला कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिन जोडायचे. पुढचं इंजिन शिट्टी द्यायचं, मागचं उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर बरोबर आमच्या खिडकीशी. कानठळ्या बसायच्या, बाटल्या थरथरायच्या. डॉक्टरांचा नियम होता: पुढची शिट्टी ऐकली की धारेचं सगळं ताटात आणि हात छातीशी. मागची शिट्टी होऊन जाईपर्यंत कुणी हलायचं नाही. आम्ही पुतळ्यांसारखे उभे, आणि टेबलावरचा रोगी तेवढा घोरतोय!

आणि सगळ्यात शेवटी, हात. ऑपरेशन संपलं, हात धुतले, की वऱ्हांड्यातल्या उजेडात आम्ही रांगेनं उभं राहायचं आणि डॉक्टर एकेकाचा हात हातात घेऊन बघायचे. बोटं, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या. कुठे ओरखडा सापडला की आयोडीन, गरम मिठाचं पाणी, खोलीत यायला बंदी, आणि सकाळ-संध्याकाळ घरी येऊन तपासणी. गावात बोलवा झाली, की डॉक्टर हात बघून भविष्य सांगतात. एक बाई तर मुलीच्या लग्नाचं विचारायला आल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, हे सगळं शास्त्राचंच की. असेल! पण "भांडण होतं" हे शास्त्रात कुठे होतं? लोकांच्या तोंडी नेमकं तेच राहिलं. 'ताटवाला डाक्टर' हे नाव खालापूरपर्यंत गेलं. एवढा शिकलेला, आणि सुरीला मिरचीसारखा जपतो, म्हणून चार शहाणे हसायचे. हसणं हसत हसत शेटजींच्या कानांवर गेलं. डॉक्टर अंधश्रद्धाळू, डॉक्टरांच्या ताटापायी कामाला उशीर लागतो, बाकीच्या ठिकाणी दोन रोगी होतात तिथे इथे एक होतो. शेटजींनी ठरवलं, की मुंबईचे एक मोठे सर्जन आपल्या ओळखीचे आहेत, त्यांनी येऊन बघावं. ते म्हणतील तर ऑपरेशनची खोली चालू ठेवायची. नाहीतर बंद करायची आणि रोगी गाडीत घालून मुंबईला पाठवायचे.

मुंबईला कोण जाणार होतं? ज्या बाईला कर्जतला आणायला घरचे दोन-दोन दिवस विचार करतात, तिला मुंबईला नेणार? आणि डॉक्टरांचं काय? या माणसाला ना बायको ना मूल, ना पत्त्यांचा नाद ना तंबाखूचा. स्टेशनाजवळ दोन खोल्यांत एकटे राहायचे. ती ऑपरेशनची खोली म्हणजेच त्यांचं घर होतं.

"डॉक्टर, त्या दिवसापुरतं तरी ताट उचलू या का?" मी विचारलं.

"का?"

"ते हसतील."

"हसू देत. हसताना हात कापत नाही," ते म्हणाले आणि हातमोजा गालाशी धरून डोळे मिटले. मी कपाळाला हात लावला.

मोठे सर्जन आले. उंच, गोरे, बोटांत सिगारेट. म्हणाले, मी स्वतःच एक ऑपरेशन करतो, म्हणजे खोली काय लायकीची आहे ते कळेल. रोगी तयारच होता: लोधिवलीचा सखाराम, अंतर्गळानं, म्हणजे हर्नियानं, बेजार झालेला शेतकरी, बैलगाडीतून आणलेला. भूल द्यायची म्हणून त्याला सकाळपासून उपाशी ठेवला होता, आणि त्याच्यादेखत डॉक्टर आम्हांला विचारत होते, पोटभर खाल्लंत ना? सखाराम कळवळला. "पोट माजं फाडनार, आनि जेवून आलाव तुमी? ह्यो कुठला न्याय रं देवा!"

सर्जनसाहेब हसले. पण ते हसू दारापर्यंतच टिकलं. आत ईथरची बाटली उघडलेली होती. ईथर म्हणजे भूल द्यायचं औषध, ठिणगी पडली तर भडकणारं. साहेब सिगारेटसकट उंबऱ्यावर आले मात्र, डॉक्टरांनी पुढे होऊन ती सिगारेट त्यांच्या बोटांतून काढली आणि बादलीत बुडवली. चुर्रर्र झालं. शेटजी दारातूनच "अहो, अहो!" म्हणाले. साहेबांचा चेहरा लालबुंद. मी मनात म्हटलं, गेली आपली खोली.

पुढे तर विचारूच नका. सखारामला भूल चढली, साहेबांनी हात पसरला. "नाइफ." मी सुरी ताटात ठेवली. साहेबांचा हात तसाच पसरलेला. "हातात द्या!" माझी नजर डॉक्टरांकडे. ते समोर मदतनीस म्हणून उभे होते. "ताटात आहे, साहेब," ते शांतपणे म्हणाले.

"हा काय पोरखेळ आहे?"

"हातात दिली की भांडण होतं."

"ते तसंही होणारच आहे!" साहेब गुरकावले. पण सुरी उचलली त्यांनी, ताटातूनच. हात मात्र विलक्षण होता हं त्यांचा, खोटं कशाला बोलू. झरझर काम चाललं. फक्त एक खोड. काम झालेली सुरी ते न बघता मागे फेकल्यासारखी धरायचे, नर्सनं झेलावी म्हणून. मी झेलेना. मग डॉक्टरांनी काय करावं? तिवईवरचं ताट उचललं आणि पंगतीतल्या वाढप्यासारखे साहेबांच्या हातामागे फिरू लागले. हात डावीकडे, ताट डावीकडे. हात मागे, ताट मागे. दारातून बघणाऱ्या धर्मानं तोंडात फडकं कोंबलं. मला हसावं की रडावं कळेना.

आणि तेवढ्यात पुढच्या इंजिनाची शिट्टी झाली.

मी गप्पकन हात छातीशी घेतला; डॉक्टरांनी मात्र ताट तसंच धरून ठेवलं. साहेबांना काय माहीत! ते त्याच वेळी सुरी मागे करत होते, माझ्या बाजूला, न बघता. तोच खिडकीशी मागचं इंजिन असं काही किंचाळलं, की साहेब ताडकन दचकले आणि त्यांचा सुरीचा हात जोरात मागे आला.

ठण्ण!

ताट वाजलं. सुरीचं टोक ताटावर आपटून, ओरखडत काठापर्यंत गेलं होतं. इंजिनाचा आवाज विरला तरी ताट घुमतच होतं. साहेबांनी पहिल्यांदा मागे वळून बघितलं. ताट बघितलं, त्यावरचा तो लांब ओरखडा बघितला, आणि ताटामागे छातीशी धरलेला माझा हात बघितला. त्यांच्या मुंबईच्या सवयीनं माझा तळवा नेमका तिथेच असायचा, जिथे ताट होतं.

"तुमचा हात..." ते म्हणाले.

"आहे," मी म्हटलं.

"रोगी शांत आहे, साहेब," डॉक्टर म्हणाले. "यमुनाबाई, माझा मोजा फाटलाय. दुसरी जोडी द्या." रबर जुनंच होतं, मी दिली. काम पुढे सुरू झालं. साहेबांनी हात पसरला, "कात्री," आणि मग स्वतःच हात मागे घेऊन, शाळेतल्या मुलासारखे म्हणाले, "ताटात!"

अगबाई, काय सांगू! धर्मानं तोंडातलं फडकं काढून ते हवेत उडवलं, आणि ते पुन्हा उकळायला न्यावं लागलं. टाके घालेपर्यंत साहेब दहा वेळा तरी "ताटात" म्हणाले असतील, आणि प्रत्येक वेळी आमची छाती फुगत होती. बाहेर आल्यावर शेटजींनी विचारलं, "मग? बंद करायची?" साहेब म्हणाले, "बंद? शेटजी, मलाच असं एक ताट घेऊन द्या." त्यांना वऱ्हांड्यात नेऊन डॉक्टरांनी त्यांचा हात उजेडात उलटा-सुलटा बघितला, तेव्हा तो एवढा मोठा माणूस निमूट उभा राहिला. सखाराम शुद्धीवर आला आणि पहिलं काय बोलला? "आता तरी जेवाया द्या रं!" गावातून पेढे आले. संध्याकाळच्या गाडीनं पाहुणे गेले, तर धर्मा स्टेशनापर्यंत ताट वाजवत गेला. जे शहाणे हसत होते तेच पुढे होऊन टाळ्या पिटत होते.

मी मागे राहिले, आवराआवर करायला. मागच्या पडवीत डॉक्टर पाठमोरे बसले होते. पुढ्यात परात, तिच्यात वाफाळतं मिठाचं पाणी, आणि पाण्यात डावा हात.

"हात बघू."

"काही नाही हो. ओरखडा आहे."

"हात बघू म्हणते ना!"

त्यांनी लहान मुलासारखा हात पाठीमागे लपवला. मी पुढे होऊन ओढून काढला. सुरी ताटाच्या काठावरून घसरली होती, ती ताट धरलेल्या अंगठ्यात. मोजा उगाच फाटला नव्हता. अंगठा आठ दिवसांत भरला, हे आधीच सांगते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण त्या वेळी ते कुणाला ठाऊक होतं? मी अशी काही पेटले म्हणता!

"सांगितलं का नाहीत? आमचं एवढंसं खरचटलं तर घर डोक्यावर घेता!"

"आज सगळे खूश होते, यमुनाबाई. उगाच..."

"खूश गेले चुलीत! उद्यापासून खोलीत पाऊल टाकायचं नाही. मी सकाळ-संध्याकाळ घरी येऊन बघणार."

"उद्या एक बाई आहेत ऑपरेशनला, त्या..."

"त्या थांबतील! त्यांना मी सांगते! काही लाज आहे का? आम्हांला कोण आहे मग?" मी ओरडत होते, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. धर्मा ताट घेऊन परत आला, तो दारातच आ वासून उभा राहिला. डॉक्टरांच्या अंगावर कुणी असं ओरडलेलं त्यानं कधी बघितलं नव्हतं.

डॉक्टर मात्र हसत होते. मी आयोडीन लावत होते, चरचरत असणार, तरी हसत होते.

"हे ताट आमच्या हिचं," ते म्हणाले. "ती कधी काही हातात द्यायची नाही. सुरी नाही, मिरची नाही, ताटात ठेवायची. भांडण होतं म्हणायची. मी थट्टा करायचो. आणि आमचं एकदाही भांडण झालं नाही, यमुनाबाई. मी बसऱ्याला असताना इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. तिचा हात बघायला कुणी नव्हतं."

मी पट्टी बांधत राहिले. इतकी वर्षं आम्ही रांगेत उभं राहून हात दाखवत होतो, आणि या माणसाचा हात कुणी बघायचा, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

पट्टी बांधून झाली. डॉक्टरांनी ती वळवून-वळवून न्याहाळली. "बघा," ते एकदम खुशीत येऊन म्हणाले, "सुरी हातावर आली आणि झालं की नाही भांडण? तुम्हांला कुणाला पटत नव्हतं."

मग जरा थांबून त्यांनी उजवा हातही माझ्यापुढे केला. "हा पण बघता का?"

त्याला काहीही झालेलं नव्हतं. तरी मी तो उजेडात धरला, आणि एकेक बोट नीट बघितलं.